मुक्या लाकडाच्या पेट्या

तमाम शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील सुजाण नागरिकांना, तसेच त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मौजे सापगाव येथील आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत दोन लाकडी पेट्या उभ्या असून, त्यांवर फुलदाणी, क्रोशाचा रुमाल, लग्नपत्रिका, चष्मा अथवा वाळत घातलेले पापड ठेवणाऱ्यास क्षमा केली जाणार नाही. सदर पेट्या हा देव्हारा नव्हे, धान्याची कोठी नव्हे, आणि आमच्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात तसं 'सुनेच्या माहेरचं कपाट' तर मुळीच नव्हे. हे स्टुडिओतले स्पीकर आहेत. माझ्या जन्माच्या सुमारास विलायतेत जे बनत, त्यांची हुबेहूब नक्कल. ती दुकानातून आणलेली नाही. तारा मी गुंडाळल्या आणि लाकूड माझ्या माहेरच्या सुतारकाकांनी केलं. कळावे, पाळावे.

फर्मान सुटलंच आहे, तर हकिगतही सांगून टाकते. फार दिवस पोटात ठेवली आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

माझे वडील मुरबाडच्या बाजारपेठेत पंपाच्या मोटारी भरून द्यायचे. पावसाळा संपला की आमच्या भागात भाजीला पाणी लागतं, विहिरींवरचे पंप सुरू होतात, आणि व्होल्टेज खालीवर झालं की मोटारी जळतात. जळकी तार उपसायची आणि तांब्याची नवी तार गुंडाळून बसवायची, हा आमचा धंदा. बाकीच्या मुली सागरगोटे खेळत तेव्हा मी लाकडी साच्यावर वेढे घालत असे. एकशे बारा म्हणजे एकशे बारा. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, कारण ओ दिली की आकडा गेला. एवढ्या एका सवयीपायी मी गावात उद्धट मुलगी म्हणून नाव कमावलं. नाव चुकीचं नव्हतं, त्यामागचं कारण तेवढं चुकीचं होतं.

पुढे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत दुरुस्तीच्या कामाला लागले. तारांचे सुटलेले कथलाचे डाग जोडायचे, खरखरणारी बटणं साफ करायची, चहा सांडलेल्या यंत्राला पुन्हा माणसात आणायचं. तिथे काचेपलीकडे गाणारे-बोलणारे बसत, आणि अलीकडे, यंत्रासमोर, त्या दोन पेट्या होत्या. दिसायला अगदी सामान्य. पुढे काळी जाळी, बाजूला लाकूड. पहिल्याच आठवड्यात मी वाकून काहीतरी जोडत होते, तेवढ्यात मागून एक गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?" मी उठले, माठातलं पाणी पेल्यात ओतलं, वळले आणि अदबीने पेला पुढे केला. समोर पेटी होती. गृहस्थ काचेपलीकडे, बंद खोलीत, माइकपुढे बसलेले. खोलीतले सगळे हसले. मीही हसले, पण पेला हातात धरून मी त्या पेटीकडे जी बघत राहिले, ती पुढची तीन-चार वर्षं बघतच होते.

लग्न होऊन सापगावला आले. काही वर्षांनी कळलं की तो स्टुडिओ बंद होतोय. जाऊन पाहते तो पेट्यांचं लाकूड वाळवीने खाऊन टाकलेलं. बोट लावलं की भुगा. पण आतले स्पीकर, दोन मोठे आठ इंची आणि दोन छोटे, रुपयाच्या नाण्याएवढ्या घुमटाचे, शाबूत होते. "काय करायचंय ते कर," मालक म्हणाले. मी ते चारही जुन्या साडीत बांधले आणि बाळंतिणीने बाळ आणावं तसे घरी आणले. सासूबाईंनी साडी सोडून पाहिली आणि पुन्हा बांधून ठेवली. त्या दिवसापासून त्यांचं माझ्याबद्दलचं मत पक्कं झालं.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं गेली आणि शहापुरात नाक्यावर सायबर कॅफे आलं. तिथे तासभर बसून मी शोधलं, तर माझ्यासारखी वेडी माणसं जगभर पसरलेली निघाली. त्यांनी त्या जुन्या पेट्यांचे नकाशे मापांसकट टाकले होते: लाकूड किती जाड, खिळा की स्क्रू, कुठे काय चिकटवायचं, सगळं. कॅफेवाल्याने ते नकाशे तुकड्यातुकड्यांत छापून दिले आणि मी घरी भाताच्या शितांनी चिकटवले.

स्पीकरच्या पेटीत एक चाळणी असते. खर्जाचा आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्याला, अशी वाटणी करणारी. ती चाळणी तांब्याच्या वेटोळ्यांची बनते. वेटोळी म्हटल्यावर मी फुशारले. त्यात मला कोण शिकवणार? राहिलं लाकूड. लाकूड म्हटलं की आमच्या माहेरी एकच नाव होतं.

सिद्धगडाच्या वाटेवर आमचं गाव. आमच्या घरामागे सुतारकाका राहायचे. आमच्या घराचं दार त्यांचं, माझा पाळणा त्यांचा, माझ्या लग्नातले पाट त्यांचे. एक डोळा मिटून त्यांनी फळीच्या कडेकडे बघितलं की फळी आपणहून सरळ होते, असं गावात बोलत. नांगर, जू, बैलगाडीची चाकं, दारांच्या चौकटी, असं त्यांचं चाळीस वर्षांचं काम. पण मी नकाशे घेऊन गेले तोवर गावात पॉवर टिलर आले होते, आणि दारं मुरबाडच्या दुकानातून तयार येऊ लागली होती. काकांच्या घराला लागून एक कौलारू पडवी होती. तीत त्यांची हत्यारं आणि काम करायचा ठोकळा. आणि पडवीबाहेर, उन्हात, त्यांच्या मुलाची जीप.

मुलगा मुरबाड-कल्याण शेअर जीप चालवायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दादाला ती पडवी जीपसाठी हवी होती. मी गेले तेव्हा हाच विषय चालला होता.

"बाबा, वर्षात चौकटी किती केल्या?"

"एक."

"ती कोणाची?"

"आपल्या गोठ्याची."

"मग? एका गोठ्यासाठी पडवी अडवून ठेवायची, आणि माझ्या गाडीच्या टपावर कावळे," दादा म्हणाला.

मी नकाशा ठोकळ्यावर पसरला. काकांनी कानामागची पेन्सिल काढली, मापं वाचली, आणि एका आकड्यावर थांबले.

"नऊ मिलिमीटर?" त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून फट दाखवली. "एवढं? पोरी, ही पेटी हाय का पापड?"

"तेवढीच पाहिजे, काका. पातळ प्लायवुड, आणि आतून डांबरी कागदाचं अस्तर. छपराला लावतात ना, तो."

"आणि हे बोलणार?"

"माणसासारखं."

दादा जीपला टेकून ऐकत होता. "घ्या, आलं काम. बाबा, आपलं ठरलं. खोके माणसासारखे बोलले तर पडवी तुमची, परत नाव काढणार नाय. नाय बोलले तर तुळशीचं लग्न झालं की जीप आत."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, गंमत चाललीय. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो हात रंध्यावर होता आणि रंधा चालत नव्हता. माझ्या हौसेवर आता एका माणसाची चाळीस वर्षं टांगली गेली होती.

"पण माणसासारखे बोलले, हे ठरवायचं कसं?" दादाने विचारलं. मी सांगितलं: या पेट्या ज्यांनी मुळात बनवल्या, ते पडदा लावायचे. पडद्यामागे खरा माणूस आणि पेटी. कधी माणूस बोलायचा, कधी त्याचाच भरून ठेवलेला आवाज पेटीतून. पुढे बसलेल्याने ओळखायचं. वाद्यांत कान फसतो, पण ओळखीच्या माणसाच्या आवाजात फसत नाही.

"मग बाबांचाच आवाज भरू. आणि ओळखणार कोण?"

आम्ही तिघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. काकी उंबऱ्यात बसून सुकट निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझ्या कानाला काय धाड भरलीय? लग्न झाल्यापास्नं ह्यांचंच ऐकते. दुसरं कोण ऐकतंय ह्यांचं?"

ठरलं. दहा वाक्यं. पाच ओळखायला चुकल्या तर पडवी काकांची.

मेच्या अखेरीस पेट्या तयार झाल्याचा निरोप आला. जाऊन पाहिलं आणि डोळे निवले. कडा अशा की नख अडकत नव्हतं. दादाने जीपने मुरबाड स्टँडवर सोडलं, आणि तिथे मला पहिल्यांदा शंका आली, कारण एकेक पेटी एसटीत चढवायला दोन-दोन माणसं लागली.

"ताई, ह्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही. हवा."

"मग हवेचं लगेज काढा," म्हणाला, आणि त्याने काढलंच.

घरी स्पीकर बसवले, तारा जोडल्या, घरच्यांना बोलावलं, आणि रेडिओवरच्या बातम्या लावल्या. निवेदक घागरीत डोकं घालून बोलत होता. प्रत्येक शब्दामागे एक 'ऊं' येत होता. सासूबाईंनी दोन मिनिटं शांतपणे ऐकलं. "त्याला सर्दी झालीय का?" त्यांनी विचारलं आणि आत गेल्या.

मी सगळा दोष स्वतःकडे घेतला. वेटोळी सोडली, पुन्हा गुंडाळली. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा गुंडाळली तेव्हा वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी मीटर लावून मोजलं, चष्मा पुसला, आणि आयुष्यात माझ्या कामाला दिली नव्हती ती पावती दिली: "तार बरोबर आहे. दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे पेटीच. बोटाच्या पेराने ठोकली तर 'टण्ण' आवाज आला, आणि तो बराच वेळ रेंगाळला. मग मागच्या बाजूला नवं भोक पाडायला ड्रिल लावलं. आधी पांढरट भुसा आला. मग तपकिरी. मग येतच राहिला, आणि खोलीभर सागाचा वास पसरला.

सुतारकाकांनी एक इंची साग वापरला होता. आणि मला कळू नये म्हणून त्याला आतून-बाहेरून प्लायवुडचा पातळ पापुद्रा चढवला होता.

पहिल्या एसटीने मी गावी. काका पटाशीला धार लावत होते.

"काय, बोलतात का पेट्या?"

"बोलतात, काका. पण बोलणाऱ्याबरोबर पेटीपण बोलते."

"तारेत खोट असंल तुझ्या."

"तार बाबांनी तपासली."

"मग नकाशा चुकीचा. लांबून आणलेला, वाटेत काय झालं असंल कोणाला ठाव." त्यांनी दगडावर पाणी टाकलं. "नायतर लाइट. आपल्याकडची लाइटच वाकडी."

"काका, आत साग आहे."

धार लावणं थांबलं. मग काका बोलले, ते माझ्याशी नव्हे, पटाशीशी. "गावची पोर आमची. सासरहून आली, पेट्या मागितल्या. माहेरवाशिणीला पापडासारखी पेटी बांधून द्यायची? सापगावची माणसं काय बोलतील, हिच्या माहेरी लाकूड नव्हतं? आं?"

त्या सागाची गोष्ट काकींनी नंतर मला सांगितली. काकांच्या वडिलांनी घडवलेल्या दाराच्या त्या फळ्या होत्या. घर दुरुस्त केलं तेव्हा काढून माळ्यावर जपून ठेवलेल्या. मागितल्या तरी कुणाला दिल्या नव्हत्या, आणि मला दिल्या त्या न मागता, न सांगता. ऐकून माझा राग पार विरघळला. पण पेट्या घागरीतूनच बोलत होत्या, आणि तुळशीचं लग्न जवळ येत होतं.

मी त्यांच्यापुढे मांडी घालून बसले. "काका, नांगराला लाकूड कसं लागतं?"

"चिवट."

"ढोलकीला?"

"बोलकं."

"मला मुकं पाहिजे. दुसरा बोलत असताना गप्प बसणारं. जाड साग ताठ असतो, ठोकला की गातो. पातळ फळी, वर डांबराचं ओझं, मग ती थरथरली तरी लगेच विझते. मला ढोलकी नको."

काका बराच वेळ हसले. "गप्प बसणारं माणूस मिळत नाय गो, लाकूड कुठून आणू?" चूक झाली, असं काही ते म्हणाले नाहीत. नकाशा मात्र मागून घेतला आणि भिंतीला खिळ्याने टांगला.

मला त्या पावसाळ्यातल्या फोनांचा सर्वांत जास्त अभिमान आहे. काका गावातल्या पीसीओवर जात, मला फोन लावत, आणि 'हॅलो' म्हणण्याऐवजी रिसीव्हरजवळ फळी धरून ठोकत. टण. "हे एक अस्तर. आता हे ऐक." टप्प. "दोन अस्तरं. आता तीन." टप. मी इकडून सांगायची, "दोनचं बरं वाटतं, काका." पीसीओवाल्याला वाटलं, म्हातारा दूरच्या नातेवाइकाला दार ठोकून दाखवतोय. ऊन पडेल त्या दिवशी काका डांबरी कागद गोठ्याच्या पत्र्यावर टाकत, तो भाकरीसारखा मऊ झाला की फळीवर बसवत आणि वर कोळशाची जुनी इस्त्री दाबून ठेवत. दर दोन बोटांवर एक स्क्रू. आयुष्यभर लाकडाला बळकट करणारा माणूस आता त्याला गप्प करायला शिकत होता, आणि मला सांगायला संकोच वाटत नाही की माझ्यापेक्षा लवकर शिकला. चौथ्या महिन्यात फोनवर नुसती 'थप' ऐकू आली, आणि मग काका म्हणाले, "मेली."

"कोण?" मी ओरडले.

"फळी. एकदम गप्प. ये घेऊन तुझे तारेचे गोळे."

त्या नव्या पेट्या मी एकेक काखेत मारून उचलल्या. पडवीतच जोडणी केली.

आवाज भरायचा होता भिंती नसलेल्या जागी, म्हणजे खोलीचा घुमारा टेपवर जाणार नाही. भात कापून झालं होतं. मोकळ्या शेताच्या मधोमध मी स्टुडिओतल्या जुन्या सहकाऱ्याकडून आणलेला माइक उभा केला, आणि काका आले ते इस्त्रीचा सदरा, धोतर आणि टोपी घालून.

"काका, टेपवर सदरा दिसत नाही."

"पण मला ठाव असतो ना," ते म्हणाले.

पाच वाक्यं भरली. घरातलीच: चहा ठेव, बैल बांधला का, असली. त्यांच्या आगेमागे, ठरावीक क्रम न ठेवता, पाच कोऱ्या जागा सोडल्या. त्या जागांत काका पडद्यामागून स्वतः बोलणार. एक लबाडी मी केली, ती कबूल करते. टेपला बारीक सळसळ असते. पेटी बोलतानाच सळसळ आली असती तर काकींनी तेवढ्यावरून पकडलं असतं. म्हणून टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच ठेवायची, काका बोलत असतानाही. सळसळ दहाही वाक्यांना सारखी.

तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार. सकाळची वेळ धरली, कारण दुपारी लाइट जायची. पडवीत दोरी बांधली आणि तिच्यावर काकींचंच हिरवं लुगडं टाकलं. मागे दोन पेट्या, त्यांच्या बरोबर मधे स्टुलावर काका, आणि बाजूला टेपपाशी मी. दोन पेट्यांतून एकच आवाज सोडला की तो मधोमध, हवेत उभा राहतो. मी काकांचं डोकं नेमकं तिथे बसवलं होतं. पुठ्ठ्यावर दहा वाक्यांचा क्रम लिहून त्यांच्या मांडीवर ठेवला. लुगड्यापुढे पाटावर काकी, बाजूला दादा खडू आणि फळी घेऊन, आणि मागे अर्धं गाव, ज्याला काय चाललंय ते धड माहीत नव्हतं, पण आमच्याकडे तेवढ्याने कुणी घरी बसत नाही.

टेप चालू केली. पहिलं वाक्य काकांचं स्वतःचं.

"माझा चष्मा कुठं हाय?"

"कपाळावर," काकी म्हणाल्या. "हे तेच बोलले." मी पडद्यामागून पुकारलं, "बरोबर."

दुसरं पेटीचं. "चहा ठेव."

"आत्ता तर पिऊन बसलेत. तेच."

"चूक," मी म्हणाले. मला स्टुडिओतला तो पाण्याचा पेला आठवला: तेव्हा पेटीने मला फसवलं होतं, आणि या वेळी माझ्या पेटीने काकींना. बाहेर कुजबुज झाली. काकी सावरून बसल्या.

नंतर त्या हुशार झाल्या. तिसरं ओळखलं, चौथं ओळखलं. पाचव्याला बैल बांधला का म्हणून पेटीने विचारलं तर त्यांनी "बांधलाय, बांधलाय" असं उत्तरच देऊन टाकलं, आणि मग तोंडावर पदर धरला. सहावं चुकल्या. सातवं, आठवं बरोबर. नवव्याला चुकल्या.

"चार चुका," दादाने फळी वर करून दाखवली. त्याच्या आवाजात आता मस्करी नव्हती. "एक राहिलं. आई, नीट ऐक."

"तू गप बस. तुझ्यामुळे ऐकू येत नाय," काकी म्हणाल्या.

दहावं वाक्य काकांनी स्वतः बोलायचं होतं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'मळणी कधी काढायची?' साधं वाक्य. काकींनी 'तेच बोलले' म्हटलं असतं की पडवी गेली. टेपवर कोरी जागा सुरू झाली, सळसळ तेवढी ऐकू येत होती. मी काकांना बोटाने खूण केली. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग तो मांडीवर पालथा घातला. टोपी काढली. डाव्या हाताने शेजारच्या पेटीच्या कडेवरून, जोड लागतो तिथून, अंगठा फिरवला. आणि नेहमीच्याच आवाजात, ना मोठ्याने ना हळू, बोलले:

"पहिल्या पेट्यांत साग मीच घातला. पोरीचा नकाशा बरोबर होता. माझं चुकलं."

माझा हात टेपवर तसाच राहिला. काका माझ्याकडे बघत नव्हते, लुगड्याकडेही नाही. हात अजून पेटीवर. ते पडवीसाठी बोलले, की समोर पडदा होता म्हणून बोलले, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. पलीकडे दादाचा खडू थांबला होता. कुणीतरी खोकलं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

काकींनी विचार करायला श्वासाएवढाही वेळ घेतला नाही.

"खोका. लाकूड बोलेल चुकलो म्हणून, आमचं म्हातारं नाय बोलायचं."